भिंती बंद होण्याआधी : नवशिक्या घरमालकांसाठी चित्रं नसलेली मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अमेरिकेच्या थंड पट्ट्यात, म्हणजे मिनेसोटा, ओहायो, शिकागोची उपनगरं अशा ठिकाणी बिल्डरकडून नवं लाकडी घर बांधून घेणाऱ्या आणि बांधकामातलं ओ की ठो कळत नसलेल्या मराठी माणसासाठी आहे. ज्यांना कळतं त्यांनी पुढे वाचायचं कारण नाही. ते मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभे राहून हेच सगळं जास्त आत्मविश्वासाने आणि जरा कमी अचूकपणे सांगत असतातच.

बिल्डरच्या ऑफिसातून तुम्हाला ईमेल आलेली आहे : मंगळवारी सकाळी दहाला 'प्री-ड्रायवॉल वॉकथ्रू' आहे, जमल्यास या. मजकुराचा सूर असा, की नाही जमलं तरी कोणाचं काही अडत नाही. रजा टाका आणि जा. ओट्याचा दगड निवडण्यात तुम्ही कित्येक शनिवार घालवलेत. त्या दगडाचा गॅसच्या बिलाशी काडीचा संबंध नाही. या एका तासाचा आहे. आत्ता घराच्या भिंती उघड्या आहेत. लाकडाचे उभे स्टड, त्यांतून गेलेल्या वायरी, नळ, डक्ट आणि मधल्या पोकळीत कोंबलेलं इन्सुलेशन, सगळं डोळ्यांना दिसतंय. आठवड्याभरात यावर अर्ध्या इंची ड्रायवॉलचे बोर्ड चढतील, सांध्यांवर टेप आणि पुट्टी बसेल, वर तुम्ही भांडून ठरवलेला मोतिया रंग लागेल. त्यानंतर भिंतीत काय आहे ते कळायचे दोनच मार्ग उरतात : भिंत फोडणे किंवा जानेवारीची वाट पाहणे.

साहित्य

जाड तळव्याचे बूट, कारण जमिनीवर खिळे पडलेले असतात. पूर्ण बाह्यांचा, पुन्हा न घालण्याचा शर्ट, कारण फायबरग्लासची खाज आंघोळीनेही लगेच जात नाही. मास्क. प्रखर टॉर्च. मोजपट्टी. रंगारी वापरतात ती निळी टेप. पूर्ण चार्ज केलेला फोन, ज्यातले मुलांच्या वाढदिवसांचे व्हिडिओ आदल्या रात्रीच दुसरीकडे हलवलेले आहेत.

उदबत्ती नेऊ नका. हे वेगळं सांगावं लागतं, कारण धुराच्या रेषेवरून हवेची फट सापडते हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असणार, आणि ते खरंही आहे. पण तयार घरात. आत्ता घराला धड दरवाजे नाहीत, त्यामुळे धूर सगळीकडेच पळेल आणि प्रत्येक जागा फट वाटेल. शिवाय ज्याच्यासमोर तुम्ही निखारा धरणार आहात त्या इन्सुलेशनच्या तपकिरी कागदावरच छापलेलं असतं, की हा कागद पेट घेतो, उघडा ठेवू नका.

वडील भारतातून आलेले असतील आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असतील, तर त्यांना न्यावं की नाही हा नाजूक प्रश्न आहे. ते स्टडवर बोटाची पेरं आपटून "ही भिंत?" असं विचारतील. थोड्या वेळाने "विटा कधी येणार?" असंही विचारतील. विटा येणार नाहीत, आल्याच तर बाहेरून, शोभेपुरत्या, हे गाडीतच सांगून ठेवा. पण न्या. मोजपट्टीचं दुसरं टोक त्यांच्या हातात द्या. जन्मभर कंत्राटदारांवर संशय घेतलेला माणूस त्या घरात तुमच्या बाजूचा एकटाच असतो.

पायरी पहिली : तारीख

नवशिक्याला वाटतं की तारीख ठरली म्हणजे ठरली. साइटवरच्या सुपरिंटेंडेंटच्या हाताखाली एकाच वेळी अनेक घरं चाललेली असतात आणि त्याचं कॅलेंडर पाऊस, ट्रक व प्लंबर यांच्या मर्जीवर हलतं. शहराच्या इन्स्पेक्टरने सकाळी सही केली तर दुपारी बोर्ड लागायला सुरुवात होऊ शकते. बोर्ड आदल्या दिवशीच क्रेनच्या ट्रकने येऊन खोल्याखोल्यांत रचले गेले, तर त्यांच्यामागची भिंत तुम्हाला दिसणारच नाही.

आणखी एक मेख आहे. बरेच बिल्डर हा वॉकथ्रू इन्सुलेशन बसवायच्या आधी ठेवतात, म्हणजे वायरी आणि नळ दाखवता येतात. तुम्ही खुशीत फोटो काढून घरी जाता, इन्सुलेशनची टोळी दुसऱ्या दिवशी येते, दिवसाभरात घर भरून निघून जाते, आणि तुम्ही जे पाहायला गेला होता ते कोणीच पाहत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करून दोनच प्रश्न विचारा : इन्सुलेशन पूर्ण झालं का, आणि बोर्ड कधी येतोय? या दोन घटनांच्या मधली जी वेळ असेल तीच तुमची. सुपरिंटेंडेंट मंगळवार म्हणाला आणि ती वेळ सोमवारी संध्याकाळी असेल, तर सोमवारी जा. मात्र त्याला सांगून जा. जागा अजून त्यांच्या ताब्यात असते.

पायरी दुसरी : कापूस पाहू नका

घरात शिरलात की सगळीकडे गुलाबी दिसेल आणि मन प्रसन्न होईल. होऊ देऊ नका. तो गुलाबी ओवेन्स कॉर्निंग कंपनीचा. कंपनीने या रंगावर कोर्टात हक्क सांगितला आणि १९८७ साली रंगाचा ट्रेडमार्क मिळवला. अमेरिकेत नुसत्या रंगाला असा ट्रेडमार्क त्यापूर्वी मिळाला नव्हता. जाहिरातीला १९८० पासून पिंक पँथरही आहे. तुमच्या घरात पिवळा, पांढरा किंवा तपकिरी कापूस असेल तर तो दुसऱ्या कोणाचा. त्याने काही बिघडत नाही. सगळे काचेचेच तंतू. आपण त्याला कापूसच म्हणू, कारण वडील तसंच म्हणणार आहेत.

हा कापूस स्वतः फारसं काही करत नाही. उष्णता अडवते ती त्याच्या तंतूंमध्ये अडकून पडलेली, न हलणारी हवा. ती हवा हलायला लागली की कापूस उरतो नुसता गाळणीपुरता. जुन्या घरांच्या भिंती उघडल्या की कापसावर जागोजाग काळपट डाग सापडतात. ती बुरशीच असते असं नाही. पुष्कळदा तो वर्षानुवर्षं त्यातून गाळल्या गेलेल्या हवेचा मळ असतो. म्हणजे पाहायची गोष्ट कापूस नाही. पाहायची गोष्ट भोक.

इथे मराठी माणसाला धक्का बसतो. आपल्याकडे घराची स्तुती करायची तर 'हवा खेळती आहे' म्हणतात. कोकणातल्या कौलांतून, वाड्याच्या चौकातून, चाळीच्या गॅलरीतून ती फुकट खेळत आली. बाहेर उणे पंचवीस असताना जी खेळायला येते, तिला गरम करायचं बिल मात्र तुमच्या नावावर फाटतं. म्हणून इथली रीत अशी, की आधी पैसे मोजून घर होता होईल तितकं हवाबंद करायचं, आणि मग आणखी पैसे मोजून, ठरलेल्या भोकातून ठरलेली हवा आत आणणारं यंत्र बसवायचं. वडील विचारतील, "मग खिडकी उघडली तर काय होईल?" हा प्रश्न दिसतो तितका भोळा नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर कॅनडात रेजायना शहरात १९७७ साली 'सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउस' नावाचं घर बांधलं गेलं. भरपूर जाड इन्सुलेशन, जवळजवळ हवाबंद भिंती, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. तिथल्या हिवाळ्यात त्याला नेहमीची भट्टी लागली नाही. खिडकी उघडली की ऊब हवेबरोबर निघून जाते. यंत्र ती दारातच काढून घेतं. वडिलांना हे पटेल. ते फक्त यंत्राची किंमत विचारतील.

तर भोकं. वर पाहा. भिंतीच्या डोक्यावर जी आडवी लाकडं असतात त्यांना टॉप प्लेट म्हणतात, आणि त्यांच्या वर माळा. इलेक्ट्रिशियनने त्यातून वायरी नेल्या, प्लंबरने पाइप नेले, डक्टवाल्याने सगळ्यांत मोठी भोकं पाडली. भोकं पाडायला तीन माणसं येतात, बुजवायला चौथा, आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाची खबर त्याला मिळतेच असं नाही. सुरुवात वरूनच करायची, कारण हिवाळ्यात घरातली गरम हवा चढते, माळ्याच्या भोकांतून निसटते, आणि तिची जागा भरायला तळघरातून थंड हवा ओढली जाते. वरचं भोक बुजलं की खालची ओढही मंदावते. बाथरूमवरची पाइपची पोकळी, जिन्याखालची तिरकी जागा, स्वयंपाकघरातल्या कपाटांवरची खोटी छतं, डक्ट वर नेणारे चौकोनी बोगदे : टॉर्च लावा आणि वर अंधार संपून माळा दिसतो का पाहा. माळा दिसला तर निळी टेप.

मग तळघरात उतरा आणि टॉर्च बंद करा. पाया जिथे संपतो आणि लाकूड सुरू होतं तिथे, रिम जॉइस्ट म्हणतात त्या कडेच्या तुळईजवळ, उजेडाची बारीक रेघ दिसते का? उजेड येतो तिथून वारा येतो, आणि वाऱ्याला उजेडाइतकी मोठी वाटही लागत नाही.

या भोकांचा राग फक्त बिलापुरता नाही. बांधकामशास्त्राच्या पुस्तकांत नेहमी दिलं जाणारं एक उदाहरण आहे : थंड प्रदेशात चार बाय आठ फुटांच्या अख्ख्या ड्रायवॉल बोर्डमधून एका हिवाळ्यात जेमतेम एक तृतीयांश क्वार्ट पाणी वाफेच्या रूपाने झिरपतं, त्याच बोर्डला एक चौरस इंचाचं भोक पाडलं, तर हवेबरोबर सुमारे तीस क्वार्ट जातं. क्वार्ट म्हणजे लिटरला थोडा कमी. तुमच्या कुकरच्या शिट्ट्या, तांदळाची वाफ, चार माणसांच्या आंघोळी, हे सगळं त्या इंचातून भिंतीत शिरतं आणि थंड लाकडावर जाऊन पाणी होतं. लाकडाला पाणी आवडत नाही. बुरशीला आवडतं.

बुजवलेली भोकं फोमने ओळखू येतात. नारिंगी फोम दिसला तर दचकू नका. आगीची वाट अडवायला मजल्यामजल्यामधल्या भोकांत भरतात तो हा, आणि नारिंगी अशासाठी की इन्स्पेक्टरला लांबून दिसावा. खिडक्यांभोवती मात्र कमी फुगणारा फोम हवा. दुसरा वापरला तर फुगताना तो चौकटीला पोटात गुद्दा मारतो आणि खिडकी उघडायला दोन माणसं लागतात. खिडकीच्या फटीत फोमऐवजी कापसाचा बोळा सापडला, तर गाळणीचा परिच्छेद पुन्हा वाचा.

पायरी तिसरी : आता कापूस पाहा

इन्सुलेशन आर या आकड्यात मोजतात. आकडा जितका मोठा तितकी उष्णता जास्त अडते. तुमच्या भिंतीचा आकडा करारात असेल, आणि तो तुम्ही वाचलेला नसेल. दोन बाय चारच्या स्टडमधली पोकळी प्रत्यक्षात साडेतीन इंच असते, दोन बाय सहाची साडेपाच. अमेरिकेत लाकडाचं नाव आणि लाकूड यांत एवढा फरक खपवून घेतात. साडेपाचाच्या पोकळीत आर-२१ बरोबर बसतो. आर-१९ची गादी सव्वासहा इंच जाड असते. तीच साडेपाचात दाबली की पिशवीवर १९ आणि भिंतीत १८. फसवणूक नाही ही, नुसता भूगोल. पिशवीचा फोटो मात्र काढून ठेवा.

आता हात लावा. खरंच लावा, म्हणूनच तो शर्ट आहे. कापूस पोकळीच्या सहाही बाजूंना टेकलेला हवा : दोन्ही स्टड, वर, खाली, मागची बाहेरची फळी आणि पुढे येणारा बोर्ड. बसवणाऱ्याला बहुधा चौरस फुटावर पैसे मिळतात, चौरस निगुतीवर नाही. त्यामुळे गादी मध्ये ढेरी काढून बसलेली, वर दोन बोटं मोकळी, खाली दुमडून कोंबलेली, असं चित्र दिसेल. पोकळीतून वायर गेली असेल तर गादी जाडीत चिरून अर्धी वायरीच्या मागे आणि अर्धी पुढे जायला हवी. न चिरता वायरीवरून ताणली असेल तर मागे रिकामं भुयार तयार होतं, आणि त्यात थंड हवा निवांत गोल फिरते. स्विचच्या डब्याभोवतीही तसंच : गादी डब्याच्या आकारात कापलेली हवी, डब्यामागे चेपलेली नको. आणि बाहेरच्या भिंतीत पाण्याचा नळ असेलच (नसावा, पण असतो), तर कापूस नळाच्या मागे, थंडीच्या बाजूला हवा. नळ कापसाच्या मागे असेल तर तुम्ही ऊब खोलीत ठेवली आणि नळ बाहेर झोपवलात.

कागद किंवा प्लास्टिक कोणत्या बाजूला, यावर तुम्हाला ह्यूस्टनच्या मावसभावाचा फोन येईल. त्याचं ऐकू नका. थंड प्रदेशात वाफ अडवणारा थर आतल्या, उबेच्या बाजूला असतो. त्याच्याकडे वर्षातला मोठा काळ बाहेरची हवा दमट आणि आतली एसीची, तिथे आतून प्लास्टिक लावलं तर भिंत पाणी साठवायला लागते. तो त्याच्या घरापुरता बरोबर आहे, आणि हेच त्याच्याशी बोलण्यातलं अवघड असतं.

पायरी चौथी : जिथे कोणी पाहत नाही

बाथटब. तो फ्रेमिंगच्या वेळीच आणून ठेवतात, कारण नंतर दारातून जात नाही. तो बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल, तर त्याच्या मागे कापूस आणि त्यावर हवा अडवणारा पातळ बोर्ड आधीच लागलेला असायला हवा. टबच्या कडेवरून टॉर्च खाली मारा. मागे उघडे स्टड आणि बाहेरची फळी दिसली, तर पुढची अनेक वर्षं गरम पाणी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर गार होणार आहे.

गॅसच्या शेकोटीमागची पोकळी. तीच तऱ्हा, फक्त दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर.

गॅरेजवरची खोली. हिला ब्रोशरमध्ये 'बोनस रूम' म्हणतात आणि बहुधा तिथेच सासूसासऱ्यांची सोय होते. जमिनीखालचा कापूस वरच्या लाकडाला टेकलेला हवा. खाली गॅरेजच्या छतावर पडलेला असेल, तर मध्ये थंड हवेची गादी तयार होते आणि सासरे मार्चपर्यंत पायमोजे काढत नाहीत. गॅरेज आणि घर यांमधल्या भिंतीतली भोकं तर कसोशीने बुजवून घ्या. तिथून येतो तो नुसता वारा नसतो, गाडीचा धूर असतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही.

भिंतीबाहेर दोन फूट काढलेली खिडकीची पेटी, माळ्याला लागून असलेल्या बुटक्या भिंती, जिना जिथे बाहेरच्या भिंतीला चिकटतो ती जागा : तिन्ही ठिकाणी टॉर्च. कचराही पाहा. भिंतीच्या पोकळीत सोड्याच्या बाटल्या आणि बर्गरचे कागद सापडणं हा इथला लोकाचार आहे. बाटली काढून सुपरिंटेंडेंटच्या हातात देताना चेहरा कोरा ठेवा. लाकूड ओलं वाटलं तर ओलावा मोजायला सांगा. १९ टक्क्यांच्या वर असेल तर बोर्डाने थांबायला हवं.

पायरी पाचवी : फोडणी

या पायरीला कोणत्याही अमेरिकन मार्गदर्शिकेत जागा मिळत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

ही सगळी भोकं बुजवून तुम्ही घर उत्तम हवाबंद करून घेतलंत असं धरा. आता तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरच्या पडल्या. जुन्या गळक्या घरात हा ठसका अर्ध्या तासात कुठल्या तरी फटीतून परागंदा व्हायचा. नव्या घरात तो स्थायिक होतो. कपाटातल्या पैठणीपर्यंत पोचतो. धुराची घंटा वाजते, आणि टॉवेल हलवत तिच्याखाली उभं राहणं हे घरातल्या सर्वांत उंच माणसाचं कायमचं काम होऊन बसतं.

बिल्डरने 'मायक्रोवेव्ह विथ एक्झॉस्ट' दिलाय ना, असं तुम्ही म्हणाल. चुलीवर टांगलेल्या त्या मायक्रोवेव्हचा पंखा खूपदा बाहेर जोडलेलाच नसतो. तो धूर ओढतो, जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून फिरवतो आणि वरच्या फटीतून तुमच्याच तोंडावर परत सोडतो. म्हणून चुलीमागची भिंत उघडी असताना बघा : तिथून बाहेर जाणारा डक्ट आहे का? नसेल तर आत्ता मागा. आज तो पत्र्याचा एक पाइप आणि एक भोक आहे. बोर्ड लागल्यावर तोच कपाटं, टाइल आणि रंग यांच्यासकट येतो. सुपरिंटेंडेंट म्हणेल की प्लॅनमध्ये नाही, बदलाचा अर्ज करावा लागेल. करा. ओट्याचा दगड एक दर्जा खाली आणावा लागला तरी करा. आवाज करणारा, तगडा हूड घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याला अनेक ठिकाणच्या बांधकाम-नियमांप्रमाणे, म्हणजे कोडप्रमाणे, तेवढी हवा आत आणायची वेगळी वाटही द्यावी लागते. हवाबंद घरातून एवढी हवा ओढली, तर तिची भरपाई ते वॉटर हीटरच्या धुराड्यातूनही करू शकतं, आणि मग मघाचाच वास नसलेला वायू वेगळ्या दाराने आत येतो.

याच फेरीत बाथरूमच्या पंख्यांचे डक्टही बाहेरपर्यंत गेलेत का पाहा. माळ्यात सोडून दिलेला डक्ट म्हणजे आंघोळीची वाफ थेट छपराच्या लाकडाला.

पायरी सहावी : संवाद

सुपरिंटेंडेंट वाईट माणूस नसतो. त्याच्याकडे कॉफीचा थर्मास, धुळीने माखलेला पिकअप आणि बिल्डरने दिलेली तारीख असते, आणि त्या तारखेत तुमची निळी टेप बसत नाही. त्याची वाक्यं ठरलेली असतात. 'हे झाकलं जाईल' याचा अर्थ, हो, मलाही दिसतंय. 'आम्ही नेहमी असंच करतो' यावर उत्तर नाही, नुसतं टेप लावा. 'हे नंतर होईल' हे वाक्य ऐकलं की नवशिक्याने सावध व्हावं, फक्त माळ्याच्या बाबतीत ते खरं असतं. माळ्यावरचा कापूस पाइपने उडवून पसरतात आणि त्याला पडायला खाली छताचा बोर्ड लागतो. त्यामुळे आत्ता तिथे काहीच नाही म्हणून आरडाओरडा करू नका. आत्ता फक्त छपराच्या वळचणीला हवेच्या वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या पट्ट्या लागल्यात का, एवढं पाहा.

'कोडप्रमाणे आहे' हे सर्वांत जास्त वेळा ऐकू येईल. कोड म्हणजे दहावीचे पस्तीस मार्क. त्याच्या खाली घर नापास. पण पस्तीसला पास झालेल्याचे पेढे वाटायचे नसतात. ऊर्जेचे तपासनीस इन्सुलेशनच्या निव्वळ बसवणीला तीन श्रेणी देतात, आणि पहिल्या श्रेणीत दाबलेला वा अपुरा कापूस जेमतेम दोन टक्के जागेपुरता माफ असतो. तुमच्या करारात श्रेणी लिहिलेली आहे का ते विचारा. नसली तरी विचारा. प्रश्नाने वातावरण सुधारतं. काहीशे डॉलर देऊन स्वतःचा इन्स्पेक्टर आणलात तर आणखी सुधारतं. शहराचा इन्स्पेक्टर कोड पाहतो, तोही घाईत. तुमचा माणूस तुमचं घर पाहतो.

मराठी माणसाची अडचण वेगळीच आहे. समोरचा हसून बोलला की आपल्याला तक्रार करवत नाही, आणि गाडीत बसल्यावर घरच्यांसमोर आवाज चढतो. म्हणून काहीच तोंडी बोलू नका. टेप लावा, फोटो काढा, त्याच संध्याकाळी ईमेल पाठवा : खोली, भिंत, काय दिसलं, बोर्ड लागण्याआधी दुरुस्त करावं ही विनंती. 'विनंती' हा शब्द ठेवा. 'तातडीने' हा काढा.

पायरी सातवी : फोटो

प्रत्येक भिंतीचा आणि प्रत्येक छताचा, मोजपट्टी कोपऱ्याला लावून. कुठली वायर कुठून गेली, स्टड कोपऱ्यापासून किती इंचांवर, पाइप कुठे. वायर किंवा पाइप स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत गेला असेल, तर त्यावर लोखंडी पट्टी ठोकलेली हवी, म्हणजे स्क्रू त्यात घुसत नाही. नसेल तर फोटोबरोबर टेपही.

हे फोटो तुम्ही पुढे शंभरदा उघडाल, टीव्हीसाठी, देवघराच्या फळीसाठी. आणि झोपाळ्यासाठी. दिवाणखान्यात झोपाळा टांगायचा असेल तर आत्ताच छतातल्या दोन जॉइस्टमध्ये, म्हणजे तुळयांमध्ये, आडवं दणकट लाकूड मारून घ्या. सुपरिंटेंडेंट विचारेल, घरात झोपाळा कशाला? या प्रश्नाचं उत्तर देण्यात वेळ घालवू नका. वडिलांकडे वजन किती पेलायला हवं याचा हिशोब तयार असेल, तो त्याच्या हातात द्या.

पायरी आठवी : बोर्ड लागल्यानंतर

एक दिवस दारात कापडाचा पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतील आणि घरातली हवा बाहेर ओढतील. ही ब्लोअर डोअर चाचणी. ५० पास्कल दाबाच्या फरकाला घरातली सगळी हवा तासाला किती वेळा बदलते, ते त्यातून कळतं. अमेरिकेच्या आदर्श ऊर्जा कोडाच्या २०१२च्या आवृत्तीत थंड आणि मध्यम प्रदेशांसाठी ही मर्यादा तीन होती, उष्ण प्रदेशांसाठी पाच. राज्यं आपापल्या सोयीने ती सैल करतात. त्या दिवशी तिथे हजर राहता आलं तर राहा. उदबत्ती चालते, आधी विचारा.

मग माळ्याचं झाकण उघडून डोकं वर काढा. पसरलेल्या कापसात कागदी मोजपट्ट्या उभ्या असतात, दर ३०० चौरस फुटांना किमान एक, आकडे झाकणाच्या दिशेने, म्हणजे आत न चढता वाचता यावेत. करारातली जाडी भरते का पाहा. जवळच्या पट्टीवर समाधान मानू नका, लांबच्या कोपऱ्यातली टॉर्चने वाचा, कारण पाइप तिथपर्यंत पोचेस्तोवर ट्रकमधल्या पिशव्या संपत आलेल्या असतात. आणि ज्या झाकणातून तुम्ही डोकं काढलंत त्याच्याच पाठीला पुष्कळदा इन्सुलेशन नसतं. ते कोणाच्याच यादीत नसतं. ईमेल करा.

शेवटी विजेच्या पॅनेलपाशी किंवा भट्टीच्या खोलीत एक छापील कागद चिकटवलेला असायला हवा. त्यावर भिंतीचा आर, माळ्याचा आर, खिडक्या आणि चाचणीचा आकडा लिहिलेला असतो. कागद नसेल तर चाव्या घेण्याआधी मागा; असेल आणि भिंतीपुढे आर-२१ लिहिलेलं असेल, तर पायरी तिसरीत काढलेला पिशवीचा फोटो शोधा.